वेस्लीच्या बगळ्यांचा हंगाम

अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय बाई, नायगारा पाहिला का?" पाहिला. पाणी वरून खाली पडतं, भरपूर पडतं, आणि रेनकोट घालूनही आपण भिजतो. झालं. माझा नायगारा पाच मिनिटांत संपतो आणि पुढचा तासभर मी बेसबॉल सांगत बसते. ऐकणारा चहा संपवून घड्याळाकडे बघायला लागतो. बघू दे. लिहिताना मात्र कुणी घड्याळ बघत नाही, म्हणून हे लिहून काढते आहे.

मी सांगलीच्या मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. म्हणजे खरं सांगायचं तर खो-खो शिकवला. बाकी कवायत, लेझीम सगळं होतंच, पण जीव खो-खोत. त्या मे महिन्यात रिटायर झाले आणि धाकट्या बहिणीचा, सुमीचा, फोन आला, "अक्का, आता शाळेचं कारण सांगायची सोय नाही. गुपचूप ये." सुमीचे यजमान श्रीधरराव तिकडे डॉक्टर. शिकागोपासून मोटारीनं तीन तासांवर, चहूबाजूंनी मक्याची शेतं आणि मधोमध वेस्ली नावाचं गाव. एक चौक, चार चर्चं, एक इस्पितळ. आपल्याकडचं तालुक्याचं गाव जसं असतं तसंच, फक्त रस्त्यावर माणूस दिसत नाही.

वेस्ली, जुलै

पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे जाग आली. चहा टाकावा म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर फ्रिजचं दार उघडं आणि त्यात डोकं घालून एक साडेसहा फुटी गोरा मुलगा उभा. अर्धी चड्डी, उघडं अंग, आणि हातात आदल्या रात्रीचं शिकरणाचं पातेलं. चमच्यानं खात होता!

"कोण रे तू?" मी ओरडले. बत्तीस वर्षं मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडलेय, तो आवाज काय जातो होय? पातेलं खाली पडता पडता राहिलं.

"मॉर्निंग, मॅम," तो म्हणाला, आणि लाजून कानापर्यंत लाल झाला.

सुमी झोपेतून धावत आली. "अगं अक्का, हा डॅनी! तुला पत्रात लिहिलं होतं ना, आमच्याकडे एक मुलगा राहतो?"

लिहिलं होतं. पण मला वाटलं, कुणी आपला पुण्याबिण्याकडचा एम.एस. करणारा विद्यार्थी असेल.

तर हकिगत अशी. या गावाला स्वतःचा बेसबॉलचा संघ होता, 'वेस्ली हेरन्स'. हेरन म्हणजे आपला बगळा. त्यांच्या टोपीवरही बगळाच होता, म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यांना बगळेच म्हणत आले. हे बगळे पगारी खेळाडू, पण पगार इतका चिमुकला की त्यात खोलीचं भाडंसुद्धा सुटेना. म्हणून गावातली घरं एकेक खेळाडू उन्हाळाभर ठेवून घेत. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे ना, त्यातलाच प्रकार. श्रीधरराव संघाचे हौशी डॉक्टर. पायबीय मुरगळला की बघायचे आणि फुकटात पुढच्या रांगेत बसायचे. त्यांच्या वाट्याला हा डॅनी आला होता. वय वीस, नेब्रास्का नावाच्या राज्यातल्या गाईगुरांच्या शेतावरचा, डावखुरा पिचर. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आपल्या क्रिकेटमधल्या बोलरचा चुलतभाऊ.

हा खेळ तिकडे शिडीसारखा रचलाय. तळाच्या पायरीवर अशा गावागावांतले पोरसवदा संघ आणि अगदी वरच्या पायरीवर टीव्हीवर दिसणारे मोठे. वरचे लोक खालच्या पायऱ्यांवर नजर ठेवून असतात. ज्याचा हात चांगला त्याला वर उचलतात, ज्याचा नाही त्याला घरी पाठवतात. आपले बगळे तळच्याच पायरीवरचे. संघ काढून तिसरं वर्ष. पहिली दोन वर्षं सगळ्यांत शेवटचा नंबर. गावातले लोक म्हणे मॅचला यायचे ते भुईमुगाच्या शेंगा खायला आणि हसायला.

"आणि यंदा?" मी विचारलं.

"यंदा अक्का, विचारूच नका!" श्रीधरराव म्हणाले. एरवी हा माणूस चार वाक्यं सलग बोलत नाही. इस्पितळातून आला की वर्तमानपत्रात गडप. पण बगळ्यांचा विषय निघाला की हातवारे सुरू. "यंदा आपण दुसरे आहोत. दुसरे! सगळी पोरं वीस-बावीसची, यार, कुणाला हरायचं ठाऊकच नाही. आणि डॅनी फेकायला उभा राहिला की आपण हरत नाही. आजपर्यंत एकदा नाही!"

डॅनी पातेलं विसळत होता. त्यानं मागे वळून न बघताच लाकडी कपाटावर दोनदा टकटक केलं. दृष्ट लागू नये म्हणून. मी म्हटलं, चला, माणसं आपल्यातलीच आहेत.

साबुदाण्याची पंचाईत

दृष्टीवरून आठवलं. मे महिन्यात एकदा एकादशी होती आणि सुमीनं साबुदाण्याची खिचडी केली होती. डॅनीनं ती दोन बशा खाल्ली, संध्याकाळी मैदानावर गेला आणि समोरच्या संघाला एकही रन करू दिला नाही. झालं! तेव्हापासून ज्या दिवशी त्यानं फेकायचं त्या दिवशी सकाळी खिचडीच पाहिजे. दाण्याचं कूट घातलेली, वर लिंबू पिळलेली. पिचर पाचव्या दिवशी फेकतो, म्हणजे आमच्या घरी दर पाचव्या दिवशी एकादशी. विठोबालासुद्धा इतकी सोसायची नाही.

मी आल्यावर आठवड्याभरातच साबुदाणा संपला. सुमीनं डबा उपडा करून दाखवला तर डॅनीचा चेहरा असा पडला, मला वाटलं रडतो की काय. मीनलनं, म्हणजे सुमीच्या चौदा वर्षांच्या लेकीनं, सुचवलं, "मॉम, जस्ट गिव्ह हिम टॅपिओका पुडिंग. सेम थिंग!"

"सेम थिंग काय, मुली?" सुमी भडकली. "साखर घातलेली खीर खाऊन जाईल आणि हरून येईल!" एम.एस्सी. झालेली माझी बहीण!

तेव्हा रविवारी आम्ही सगळे तीन तास मोटार हाकत शिकागोला, डेव्हन ॲव्हेन्यूला गेलो. त्या रस्त्यावर पाय ठेवला आणि मला घरचा वास आला. उदबत्ती, मेथी, कढत तेल. साड्यांची दुकानं, मिठाईवाले, गाडी लावायला जागा नाही म्हणून भांडणारी माणसं. दुकानदार गुजराती. त्यानं विचारलं, "इतना साबूदाना? घर में कोई बडा व्रत है क्या?"

सुमीनं मागे बोट दाखवलं. डॅनी दाराच्या चौकटीत वाकून उभा होता, हातात जिलबी, तोंडाला पाक. दुकानदार एकदा त्याच्याकडे बघे, एकदा साबुदाण्याच्या पोत्याकडे. मग त्यानं वर एक शेंगदाण्याची पिशवी फुकट टाकली.

चेंडू परत करणारी बाई

माझी पहिली मॅच मी कधीच विसरणार नाही, आणि वेस्ली गावही विसरणार नाही.

मैदान छोटंसं, भोवती लाकडी बाकं, कुंपणापलीकडे मका. नऊ खेळाडू बघून मला आधी बरं वाटलं. खो-खोतही नऊच. फळीवाला चेंडू मारतो आणि एका खुणेच्या उशीवरून दुसऱ्या उशीवर पळतो. अशा चार उशा ओलांडून घरी आला की एक रन. हे मला लवकर समजलं. मग एक धावणारा पोरगा दोन उशांच्या मधोमध अडकला. इकडून एक आणि तिकडून एक असे दोघं त्याला पकडायला धावले. तो इकडे हूल दे, तिकडे हूल दे, कंबरेतून वळ, आणि शेवटी त्यानं उशीवर असा काही सूर मारला! मी बाकावर उभीच राहिले. "शाब्बास रे पठ्ठ्या!" अहो, हा तर माझाच खेळ! बत्तीस वर्षं मी पोरींना हेच शिकवलं, खांबावर सूर कसा मारायचा.

"मावशी, सिट डाऊन," मीनल कुजबुजली. "ही इज द अदर टीम."

असू दे की. चांगला खेळ तो चांगला खेळ. आपल्याकडे नाही का समोरच्याच्या चौकाराला टाळी वाजवत?

आणि मग ते झालं. एक चेंडू फळीची कड घेऊन उंच उडाला आणि बाकांमध्ये आला. एकदा टप्पा पडला आणि थेट माझ्या हातात. लोक टाळ्या पिटायला लागले. मी काय केलं? जे आयुष्यभर केलं तेच केलं. उभी राहिले, पदर खोचला आणि चेंडू सणसणीत मैदानात परत फेकला, बरोबर मागे बसलेल्या झेल घेणाऱ्याच्या छातीवर.

पंचानं हात वर करून खेळ थांबवला. त्या झेलकऱ्यानं चेंडूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग आधी एक जण हसला, आणि मग जे हसू फुटलं म्हणता! दोन-चार जणांनी हुर्योसुद्धा केली.

"ओ माय गॉड, मावशी!" मीनलनं टोपी तोंडावर ओढून घेतली. "यू कीप इट! एव्हरीबडी कीप्स इट!"

आता मला काय ठाऊक? आपल्याकडे गच्चीवर गेलेला चेंडू परत दिला नाही तर भांडणं होतात. आणि हे लोक तो घरी नेऊन कपाटात ठेवतात! पण त्या दिवसापासून गावात माझी ओळख झाली. टपालवाला, दुकानातली बाई, चर्चमधला पाद्री, सगळे साडी बघून हात उंचावायचे आणि चेंडू फेकल्यासारखं करून दाखवायचे. सांगलीत बत्तीस वर्षांत मिळाली नव्हती इतकी प्रसिद्धी वेस्लीत एका फेकीत मिळाली.

ऑगस्ट

बगळे जिंकत गेले. मी पंधरा-सोळा मॅचेस पाहिल्या. आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकून तीन वर्षं झाली होती, तो उन्हाळा मला तिथं बसून आठवायचा. कुणीच हिशेबात धरली नव्हती ती पोरं जिंकतायत म्हटल्यावर सगळा देश कसा रेडिओला चिकटला होता! वेस्लीचं तसंच झालं. बाकं भरायला लागली. सातव्या डावात सगळे उठून उभे राहतात, हातपाय ताणतात, गाणं म्हणतात. ही तिथली रीतच आहे, आणि मला फार आवडली. आमच्या शाळेच्या संमेलनातल्या भाषणांना असा मध्येच उठण्याचा नियम हवा होता.

मी मॅचच्या दुसऱ्या दिवशी डॅनीला परसात धावायला लावायचे. त्याचे पाय जड होते. मी त्याला खो-खोची पळती शिकवली, झिगझॅग, गुडघे वाकवून. शेजारचे कुंपणावरून बघायचे. साडीतली बाई शिट्टी वाजवतेय आणि साडेसहा फुटी खेळाडू दोन सफरचंदांच्या झाडांमधून पळतोय! तो कधी कुरकुरला नाही. एकदा धापा टाकत म्हणाला, "मॅम, माझे वडील म्हणतात, या वर्षी वर बोलावणं आलं नाही तर परत ये, गाई वाट बघतायत."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मला गाई आवडतात," तो म्हणाला. "पण मला फेकायला जास्त आवडतं."

असं सरळ बोलणारं पोर मला फार भावतं. त्याला हे बोलावणं यावं असं मी त्या दिवसापासून मनापासून मागत होते.

शनिवार

सप्टेंबर लागला. बगळे फायनलला पोचले. निर्णायक सामना रविवारी दुपारी तीनला, घरच्या मैदानावर, आणि फेकणार डॅनी. गावातल्या प्रत्येक दुकानाच्या काचेवर बगळा रंगवलेला.

शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात संघाचा मॅनेजर. साठीचा, गालात तंबाखूचा बार, आमच्या शाळेचा गणू शिपाई धरायचा तसाच. त्यानं घरात येताना टोपी काढली आणि मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं.

तो म्हणाला ते सावकाश म्हणाला, म्हणून मलाही समजलं. वरून फोन आला होता. एकदम दोन पायऱ्या वरच्या संघातला डावखुरा पिचर जायबंदी झाला होता. त्यांना उद्या संध्याकाळपर्यंत माणूस तिथं हजर पाहिजे. यादीत दोन नावं, पहिलं डॅनीचं. उद्या दुपारचं शिकागोहून विमान. तो नाही आला तर दुसऱ्याला बोलावणार.

"उद्या फायनल आहे," डॅनी म्हणाला.

"मला माहीत आहे, पोरा," मॅनेजर म्हणाला. "मी तुला जा म्हणणार नाही आणि राहा पण म्हणणार नाही. काहीही म्हटलं तरी माझ्या जिवाला लागेल. रात्रीपर्यंत सांग." आणि टोपी घालून निघून गेला.

स्वयंपाकघरात आम्ही सगळे टेबलाभोवती. मग डॅनी म्हणाला, "मी राहतो. अख्खा उन्हाळा आम्ही एकत्र खेळलो. त्यांना असं टाकून कसा जाऊ?"

श्रीधररावांनी सुटकेचा श्वास टाकला. "करेक्ट! अरे यार, एका दिवसाचा तर प्रश्न आहे! फायनल जिंकून दे, मग मी स्वतः फोन करतो त्यांना. तुझ्यासारख्याला ते काय सोडतायत?"

एका दिवसाचा तर प्रश्न आहे. हे शब्द ऐकले आणि मी खुर्ची पुढे ओढली. कारण हे शब्द माझे होते.

"थांबा," मी म्हटलं. "मीनल, इकडे बस. मी बोलते ते त्याला जसंच्या तसं सांग. एक शब्द गाळू नकोस."

पंधरा वर्षांपूर्वी माझ्या संघात रंजना नावाची मुलगी होती. तिच्यासारखी पळणारी मी आधी पाहिली नाही, नंतर पाहिली नाही. तिला राज्याच्या संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं, आणि जिल्ह्याची फायनल त्याच्या आदल्याच दिवशी. संध्याकाळच्या गाडीनं गेली तरच ती वेळेवर पोचणार होती आणि फायनल संध्याकाळचीच. ती पिशवी भरून माझ्याकडे विचारायला आली होती. मी म्हटलं, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. फायनल खेळ, मग मी स्वतः तुला पोचवते. तुझ्यासारखीला कोण सोडतंय?" ती राहिली. आम्ही कप जिंकला. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले, तर यादी बंद झाली होती. मी हातापाया पडले. बंद म्हणजे बंद. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. ती पुन्हा कधीही मैदानावर उतरली नाही. आणि कप? कप शाळेच्या ऑफिसात आहे. हेडमास्तर त्यात टाचण्या ठेवतात.

मीनल हे सगळं इंग्रजीत सांगत होती. शेवटी शेवटी तिचा आवाज बारीक झाला. डॅनीनं तिला काहीतरी विचारलं.

"ही वॉन्ट्स टू नो, मावशी... ती तुझ्यावर रागावली का?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला सांग, अजून रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नमस्कार मला सोसत नाही." हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. सुमीलासुद्धा नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी काही उठसूट रडणारी बाई नव्हे.

मग मी माझ्या इंग्रजीत त्याला म्हटलं, "डॅनी, यू गो. कप इज नथिंग. यू गो."

श्रीधरराव ताडकन उठले. "अक्का, सॉरी, पण हे तुमचं काम नाही. गावानं तीन वर्षं वाट बघितलीय. आणि तुमची रंजना वेगळी, हे वेगळं!"

"वेगळं काय आहे ते सांगा," मी म्हटलं.

श्रीधरराव गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेले.

दुपारपर्यंत गावभर झालं. सुमी दूध आणायला गेली तर दुकानातली बाई हसली नाही. "तुझ्या बहिणीनं त्याला जायला सांगितलं म्हणे," एवढंच म्हणाली. संध्याकाळी मी फिरायला गेले तेव्हा टपालवाला समोरून आला आणि त्यानं हात वर केला नाही. परक्या गावात येऊन मी हे काय करून बसले, असं मला फार वाटलं. पण बोललेलं मागे घ्यावं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

रविवार

सकाळी डॅनी खाली आला तो कोट घालून. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. हातात बॅग. रात्री मॅनेजरला फोन करून त्यानं सांगितलं होतं. श्रीधरराव आधीच मैदानावर निघून गेलेले, त्याचा निरोपही न घेता. डॅनीनं त्यांच्या बंद खोलीकडे एकदा बघितलं आणि बॅग उचलली.

सुमीनं गाडी चालवली. माझी लहानपणी सायकलवरून पडणारी बहीण तीन तास सत्तर मैलांच्या वेगानं हाकते, हे मला तोवर सवयीचं झालं होतं. विमानतळावर सुमीनं त्याच्या हातात डबा दिला, पोळ्या आणि बटाट्याची भाजी, आणि दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. त्यासाठी त्याला पार वाकावं लागलं. मग तो माझ्याकडे आला. काय करावं त्याला कळेना. हात पुढे केला, मागे घेतला, आणि शेवटी मला मिठीच मारली.

"आय ॲम स्केअर्ड, मॅम," तो म्हणाला.

"गुड," मी म्हटलं. "गुडघे वाकव." आणि तो हसत आत गेला.

परतीच्या वाटेवर सुमी रडत होती आणि गाडी चालवत होती. मी रेडिओची खुंटी फिरवत बसले. वेस्लीचं केंद्र छोटं, दुरून लागत नाही. पाचच्या सुमाराला मक्याच्या शेतांतून खरखर करत समालोचकाचा आवाज आला. सुमीनं गाडी तिथंच रस्त्याच्या कडेला घातली, कारण पुढे उतार होता आणि आवाज गेला असता.

सहा डाव झाले होते, दोन-दोन बरोबरी. डॅनीच्या जागी एकोणीस वर्षांचा कुणी नवखा फेकत होता आणि कसाबसा तग धरून होता. सातवा डाव लागला. सगळे उभे राहणार, गाणं म्हणणार, हे मला पाठ होतं. पण गाणं आलं नाही. मैदानावरचा भोंगा काहीतरी बोलला, आणि मग समालोचक म्हणाला, "लोकहो, आपला डॅनी आत्ता विमानात आहे. वर चाललाय." आणि मग टाळ्या ऐकू आल्या. थांबेचनात. बाकांवर पाय आपटल्याचा आवाज, शिट्ट्या, आणि टाळ्या, टाळ्या, टाळ्या.

"अक्का," सुमी म्हणाली, "ऐकतेस ना?"

ऐकत होते. ते गाव माझ्यावर रागावलं असेल, नसेल, पण त्या पोरावर रागावलं नव्हतं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आम्ही दोघी बहिणी त्या ओसाड रस्त्यावर गाडीत बसून वेड्यासारख्या टाळ्या पिटत होतो.

नवव्या, शेवटच्या डावात बगळे हरले. एका रननं.

घरी पोचलो तेव्हा श्रीधरराव पायऱ्यांवर बसले होते, बगळ्याची टोपी मांडीवर. चेहरा ओढलेला. "एक रन, अक्का," ते म्हणाले. "एक."

"हो," मी म्हटलं.

मी आत जाऊन पोळ्या टाकल्या. सुमीनं पानं घेतली. सगळे जेवायला बसलो, आणि पहिलाच घास उचलला तोच फोन वाजला. मीनल धावली. "इट्स डॅनी! ही गॉट देअर!" तिनं तार ताणून फोन टेबलापर्यंत आणला आणि सुमीच्या हातात देणार, तर श्रीधररावांनीच हात पुढे केला.

"डॅनी? जेवलास का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मग बराच वेळ ऐकत राहिले. "हं. हं. उद्याच उतरवणार तुला? बरं." मग तिकडून तो प्रश्न आला असणार. श्रीधररावांनी डोळे मिटून घेतले.

"हरलो," ते म्हणाले. "एका रननं." आणि लगेच, घाईघाईनं, आवाज चढवून, "अरे, नाही नाही! ऐक माझं. त्यांचा पिचर आज इतका जबरदस्त होता, तू असतास तरी आपण हरलोच असतो. शंभर टक्के. मी सांगतो ना, मी सगळी मॅच बघितलीय. तू असतास तरी हरलोच असतो. आता हे डोक्यात ठेवू नकोस, नीट झोप आणि उद्या फेक."

फोन सुमीकडे गेला. श्रीधरराव परत ताटासमोर बसले आणि मान खाली घालून जेवायला लागले. डॅनी उभा राहिला की आपण हरत नाही, हे मला त्या माणसानं अख्खा उन्हाळाभर ऐकवलं होतं. मी उठले, तव्यावरची गरम पोळी त्यांच्या पानात वाढली आणि तिच्यावर तूप जरा जास्तच ओतलं.